तिठ्यावरचे प्रश्न

सैन्यातल्या माणसाला आयुष्यभर कोणी ना कोणी प्रश्न विचारत असतं. सुरुवात एसएसबीच्या मुलाखतीपासून होते. प्रबोधिनीत सीनियर वाटेत थांबवून विचारतात, कमिशन मिळाल्यावर युनिटमधले सुभेदारसाहेब फार अदबीने विचारतात, मग यंग ऑफिसर्स कोर्स, प्रमोशनच्या परीक्षा, स्टाफ कॉलेजची परीक्षा, इन्स्पेक्शन. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली तरी समोर कोणीतरी बसून विचारतंच असतं. या सगळ्यांना मी झडतीचे प्रश्न म्हणतो. उत्तर तुमच्या खिशात आहे की नाही, एवढंच विचारणाऱ्याला तपासायचं असतं. नाही सापडलं तर तुमच्या नावापुढे खूण होते.

टीव्हीवरच्या एका फार गाजलेल्या प्रश्नमंजूषेचा जन्मही अशाच झडतीतून झालाय. बीबीसीवर १९७२ साली 'मास्टरमाइंड' सुरू झालं. अंधारा स्टुडिओ, मधोमध एकच काळी खुर्ची, त्या खुर्चीवर रोखलेला झोत. हा कार्यक्रम ज्याच्या डोक्यातून निघाला तो निर्माता बिल राइट दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये गनर होता आणि जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला होता. कैदेतल्या चौकशीची ती खुर्ची आणि तो प्रकाश त्याने स्टुडिओत आणला. युद्धकैद्याने सांगायचं असतं नाव, हुद्दा आणि क्रमांक. 'मास्टरमाइंड'मध्ये ते झालं नाव, व्यवसाय आणि आवडीचा विषय. आमच्या पिढीने शाळेत असताना डेरेक ओब्रायनची बॉर्नव्हिटा क्विझ पाहिली आणि २००० सालापासून 'कौन बनेगा करोडपती' पाहिलं. खुर्ची, झोत आणि ती जीवघेणी शांतता आपण सगळ्यांनीच घरबसल्या अनुभवली आहे.

पण प्रश्नांची एक दुसरी जात आहे. आज तिची बाजू मांडायची आहे. मित्राने मित्राला सहज घातलेला प्रश्न. त्यात बक्षीस नाही, मार्क नाहीत, वेळ लावून बसलेला कोणी नाही. झडतीच्या प्रश्नात विचारणारा तुमच्या विरुद्ध बाजूला असतो. मित्राच्या प्रश्नात तो मनातून तुमच्याच बाजूने असतो. तुम्हाला उत्तर यावं, अगदी सहज नको, पण थोडं डोकं खाजवून यावं, अशी त्याची इच्छा असते. न राहवून तो स्वतःच खुणा देऊ लागतो. 'अरे, जवळ आलास, अजून थोडं उत्तरेला सरक,' असं कुठला परीक्षक म्हणतो?

नोकरीच्या या टप्प्यावर बहुतेकांना दिल्लीची पोस्टिंग एकदा तरी येतेच. त्यामुळे माझे बरेच कोर्समेट सध्या याच परिसरात आहेत. कोणी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये, कोणी द्वारकेला, नोकरी सोडलेले गुडगावला, कोणी पार नोएडात. ट्रॅफिकचा हिशेब बघितला तर नोएडा ते गुडगाव हे अंतर पुणे-लोणावळ्यापेक्षा लांब पडतं. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी कोणाच्या तरी क्वार्टरच्या लॉनवर खुर्च्या पडतात आणि मुलं-बाळं, बदल्या, गुडघेदुखी हे विषय संपले की प्रश्नांची देवाणघेवाण सुरू होते. बाहेरच्या पोस्टिंगवर असलेल्यांसाठी फोनवरचा ग्रुप आहेच.

नियम तीनच. जो उत्तर देईल त्याने पुढचा प्रश्न घालायचा. उत्तर मिळेपर्यंत फोन टेबलावर उलटा ठेवायचा. आणि उत्तर कुठून मिळालं हे विचारणाऱ्याने सांगायचं. 'कोणीतरी पाठवलं होतं' हे चालत नाही.

आता वाचक म्हणतील, फोन सरळ केला की दोन सेकंदांत उत्तर सापडतं, मग मजा कसली? मला वाटतं, खरी मजा आताच आली आहे. पूर्वी ज्याच्याकडे जाडजूड विश्वकोश तो हुशार ठरायचा. आता उत्तर फुकट झालंय, त्यामुळे किंमत प्रश्नाला आली आहे. पाठांतर तपासणारा प्रश्न आता कोणी विचारत नाही, कारण त्यात काही उरलेलंच नाही. एक उदाहरण देतो.

'१९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत परमवीरचक्र कोणाला मिळालं?' हा झालेला झडतीचा प्रश्न. माहीत असेल तर येईल, नसेल तर नाही. आता तोच प्रश्न आमच्या एका रणगाडेवाल्या मित्राने कसा घातला पाहा: 'पुण्यात जन्म. पुण्याजवळ प्रशिक्षण. पुण्याचं नाव मिरवणारी रेजिमेंट. वयाच्या एकविसाव्या वर्षी वीरमरण आलं तेव्हा ज्या रणगाड्यात तो होता, त्याचं नाव भूमध्य समुद्रातल्या एका बंदराचं. कोण हा?'

आता यात धरायला चार टोकं आहेत. पुण्याजवळचं प्रशिक्षण म्हणजे खडकवासला, एवढं कोणालाही सुचेल. पुण्याचं नाव असलेली रणगाड्यांची रेजिमेंट म्हणजे पूना हॉर्स. तिथपर्यंत पोचलात की सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल हे नाव आपोआप ओठांवर येतं. त्याचा सेंचुरियन रणगाडा होता 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या बंदराच्या नावाचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी शत्रूच्या रणगाड्यांशी लढताना हा रणगाडा पेटला, मागे येण्याचा हुकूम आला, तरी गन चालू आहे म्हणून तो हटला नाही. ज्या परेड ग्राउंडवरून आम्ही पासआउट झालो ते त्याच्याच नावाचं. आमच्यातल्या प्रत्येकाला ही सगळी माहिती तुकड्या-तुकड्यांनी होती, पण पुणे, पुणे, पुणे असा धागा मात्र कोणी ओवला नव्हता. चांगला प्रश्न नवीन माहिती देतोच असं नाही. जुनीच माहिती तो एका दोऱ्यात ओवून देतो. आणि मग एक जण हळूच म्हणाला, 'फामागुस्ता पाहिलाय मी, नगरला, आर्मर्ड कोअरच्या सेंटरमध्ये.' पुढची पंधरा मिनिटं प्रश्न बाजूला राहिले आणि नगरच्या आठवणी निघाल्या. या खेळात हे असंच होतं, आणि व्हायलाच हवं.

इंग्रजीत या प्रकाराला 'ट्रिव्हिया' म्हणतात. शब्द लॅटिन आहे: 'ट्राय' म्हणजे तीन आणि 'व्हिया' म्हणजे रस्ता. तीन रस्ते मिळतात ती जागा. आपल्या कोकणात तिला तिठा म्हणतात. तिठ्यावर माणसं भेटणार, दोन घटका थांबणार, इकडचं-तिकडचं बोलणार. त्या बोलण्याला मोठ्या लोकांनी क्षुल्लक ठरवलं आणि 'ट्रिव्हियल' हा शब्द रूढ झाला. प्रश्नांच्या खेळाला हे नाव चिकटलं ते १९६५ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. एड गुडगोल्ड आणि डॅन कार्लिन्स्की हे तिथले दोन विद्यार्थी. लहानपणचे सिनेमे, रेडिओवरच्या मालिका, कॉमिक्स यांवरचे प्रश्न मुलं एकमेकांना घालत बसायची. त्याच्या पुढे स्पर्धा झाल्या, १९६६ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे मुळात तो मित्रांचा अड्डाच होता. खुर्ची आणि झोत नंतर आले.

आपल्याकडे 'सामान्यज्ञान' हा शब्द आहे, पण त्याला स्पर्धा परीक्षेच्या गाइडचा वास येतो. त्यापेक्षा आपली परंपरा कितीतरी रसरशीत आहे. आपण कोडं 'घालतो', जसं पंगतीत बसलेल्याला जेवायला घालतो. तमाशातले सवाल-जवाब घ्या, किंवा कलगी-तुऱ्याचे फड. कलगीवाले शक्तीचं श्रेष्ठत्व सांगणारे, तुरेवाले शिवाचं. एका शाहिराने भेदिक कवनातून कूट सवाल टाकायचा आणि समोरच्याने ते कवनातूनच फोडायचं. रात्र-रात्र हे चालायचं आणि ऐकायला गाव लोटायचं. भांडण कडक, पण समोरचा फड आला नाही तर आपलाही फड रंगत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. आमच्या लॉनवर कवनं होत नाहीत हे दिल्लीकरांचं नशीब. बाकी प्रकार तोच आहे.

या खेळाने मला दिल्ली दाखवली. पोस्टिंगवर आलेला माणूस शहरात राहतो, पण शहराचा होत नाही. ऑफिस, क्वार्टर, कॅन्टीन, मुलांची शाळा, झालं. तीन मूर्तीच्या चौकातून आम्ही सगळेच शेकडो वेळा गेलोय. एका मित्राने विचारलं, 'तीनच मूर्ती का? आणि त्या चौकाच्या नावात इस्रायलचं शहर कसं?' उत्तर असं: जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांचे लान्सर्स पहिल्या महायुद्धात एकाच घोडदळ ब्रिगेडमध्ये लढले. प्रत्येकाचा एक, म्हणून तीन पुतळे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी भाले-तलवारींनिशी, मशीनगनच्या माऱ्यात, हैफा जिंकलं. २०१८ साली चौकाच्या नावात हैफा जोडलं गेलं. त्या दिवसानंतर तिथल्या सिग्नलला थांबलो की मान आपोआप त्या पुतळ्यांकडे वळते.

दुसरा प्रश्न एका नोएडाकर मित्राचा. तो सैन्य सोडून कॉर्पोरेटमध्ये गेलाय आणि गोल्फ खेळतो. 'एकाच मराठा सरदाराच्या फौजा एकाच महिन्यात, बारा दिवसांच्या अंतराने, आजच्या जालना जिल्ह्यात आणि माझ्या गोल्फ कोर्सच्या आसपास हरल्या. सरदार कोण?' जालना म्हटल्यावर असई आठवली: २३ सप्टेंबर १८०३, समोर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे सरदार दौलतराव शिंदे. त्याच महिन्याच्या ११ तारखेला यमुनेपलीकडे पटपडगंजच्या बाजूला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला होता. त्या फौजेचं नेतृत्व लुई बूर्क्वां नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होतं. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर उभा आहे. दिल्लीचा बादशहा मराठ्यांच्या छायेतून इंग्रजांच्या छायेत गेला तो या लढाईने. पानिपतावर आपण मराठी माणसं हवं तेवढं बोलतो. पटपडगंजचा मेट्रोचा रस्ता माहीत असतो, लढाई माहीत नसते.

एक प्रश्न पुढच्याला बोट धरून घेऊन येतो, ही आणखी एक मजा. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक का? कारण दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत भारतीय सैनिकांनी केलेल्या कामगिरीची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आले त्यातले सत्तर हजार, आणि ते या वास्तूला लागले. मग दुसरा विचारतो, त्याच मोहिमेत सुरुंग काढता-काढता व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा भारतीय अधिकारी कोण? प्रेमिंद्रसिंग भगत, बॉम्बे सॅपर्स. चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रं, पंचावन्न मैल रस्ता. मग तिसरा: त्याच बॉम्बे सॅपर्सच्या आणखी एका अधिकाऱ्याने १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर असंच सुरुंग आणि अडथळे काढण्याचं काम करून परमवीरचक्र मिळवलं, तो कोण? कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. आणि त्या परमवीरचक्राचं डिझाइन करणाऱ्या बाई कोण? स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्री खानोलकर झालेल्या. खडकवासला ते सुदान ते राजौरी ते स्वित्झर्लंड, आणि शेवटी पुन्हा एक आपलं '-कर' आडनाव. चहा गार होतो.

तक्रारीही ऐकून घ्यायला हव्यात. पहिली अशी की, हा सगळा ज्ञान पाजळण्याचा उद्योग आहे. काहींचा असतो. ज्याला समोरच्याला गप्प करायचं असतं, त्याच्या प्रश्नाला एकही खूण नसते आणि उत्तर ऐकल्यावर 'मग काय?' एवढंच वाटतं. असा गडी ओळखायला सोपा. दोन प्रश्नांत लोक चहा आणायला उठतात.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. 'रंजक माहिती' म्हणून फिरणारं अर्धं-अधिक खोटं असतं. अश्वारूढ पुतळ्याच्या घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणांगणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात वारला. हे तुम्ही ऐकलं असेल, कदाचित पुढे पाठवलंही असेल. शिल्पकारांचा असा कोणताही बंधनकारक नियम नाही. इंडिया गेटवर १९७१ च्या शहिदांची नावं आहेत असं मानणारेही कमी नाहीत. त्यावरची तेरा हजारांहून जास्त नावं पहिल्या महायुद्धातल्या आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्या सैनिकांची आहेत. स्वतंत्र भारताच्या सैनिकांची नावं त्याच्या शेजारच्या राष्ट्रीय समर स्मारकात, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेल्या. म्हणूनच आमचा तिसरा नियम. फॉरवर्ड केलेली माहिती तपासायची जबाबदारी कोणाचीच नसते. पण प्रश्न घालणाऱ्याला समोरचा ताबडतोब विचारतो, 'कशावरून?' चार मित्रांसमोर तोंडावर पडण्याची भीती हा खोट्या माहितीवरचा चांगला उतारा आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

वर्दीतल्या मैत्रीला चाळिशीत एक वळण लागतं. अठराव्या वर्षी एकाच ताटात जेवलेली, एकाच शिक्षेसाठी एकत्र रगडलेली मुलं कर्नलच्या सिलेक्शन बोर्डापर्यंत खांद्याला खांदा लावून येतात. रँकचा पिरॅमिड वर निमुळता आहे, त्यामुळे बोर्डाच्या निकालादिवशी काही नावं यादीत असतात, काही नसतात. दोष कोणाचा नाही, रचनाच तशी आहे. पण त्यानंतर फोन करणं अवघड होतं. यादीत असलेल्याला 'कसा आहेस?' विचारताना चोरट्यासारखं वाटतं. नसलेल्याला प्रत्येक 'कसा आहेस?' मध्ये सहानुभूती ऐकू येते, आणि सहानुभूती त्याला नको असते. ग्रुपवर उरतात वाढदिवसाचे केक, मग बढतीची अभिनंदनं, आणि पुढे-पुढे श्रद्धांजल्या.

आमच्यातला एक जण अशा निकालानंतर गप्प झाला. कोणी 'बॅड लक' लिहिलं, कोणी हात जोडल्याचं चित्र टाकलं. तो काही बोलला नाही. काही आठवड्यांनी एकाने ग्रुपवर फक्त एक प्रश्न टाकला. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवरचा, जो विषय आमच्यात फक्त त्या एकालाच येतो. बाकीच्यांनी मुद्दाम चुकीची उत्तरं टाकायला सुरुवात केली, इतकी चुकीची की जाणकाराला बघवू नये. रात्री साडेअकराला त्याचं उत्तर आलं. सोबत चार ओळींचं आम्हा सगळ्यांच्या अज्ञानावर भाष्य. आणि नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न. सकाळपर्यंत ग्रुप जागा होता.

सांत्वनाला जे जमलं नाही ते एका प्रश्नाने केलं, कारण प्रश्नात नकळत एक गोष्ट सांगितलेली असते: तुझ्याकडे काहीतरी आहे, आणि ते मला हवंय. त्यात तो कर्नल की लेफ्टनंट कर्नल की निवृत्त, याला अर्थ उरत नाही. ज्या व्यवस्थेत खुर्ची कुठे मांडायची हेही हुद्दा ठरवतो, तिथे अशी बिनहुद्द्याची जागा फार मोलाची आहे.

निवृत्त सीनियर्सना माझी खास विनंती आहे. तुमच्याकडे जे आहे ते इंटरनेटवर नाही. कुठल्या पोस्टचं नाव कशावरून पडलं, कुठल्या युनिटच्या मेसमधली ट्रॉफी कुठून आली, हे तुमच्याबरोबर जाईल. आठवणी लिहून काढा म्हटलं की तुम्ही 'कोण वाचणार रे' म्हणता. मग प्रश्न घाला. नातवाला, सोसायटीतल्या मुलांना, आम्हाला. गोष्ट सांगायला बसलेल्या आजोबांसमोरून नातू पळतो, पण प्रश्न घातला तर उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. त्यावर नाव आहे रायगड जिल्ह्यातल्या एका नाईकाचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा जवान १० जुलै १९४४ रोजी तिथल्या डोंगरात एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला आणि तिथेच पडला. यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या घरातल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? स्मारकावरचं प्रत्येक नाव हे एक उत्तर आहे. कोणीतरी प्रश्न विचारेपर्यंत ते नुसतं दगडावर असतं.

आता माझी पाळी संपवतो. घाडग्यांच्याच जिल्ह्यातला हा प्रश्न, तीन खुणांसह: रायगडाजवळच्या एका गावात जन्म. इंग्लंडच्या राजाचं चित्र असलेल्या आपल्या नोटांवर यांची सही होती. दिल्लीत लोधी इस्टेटमधल्या एका नावाजलेल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. कोण?

फोन उलटा ठेवा. आणि उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न तुमचा.